काळं अस्तर

दोघी जावांचं शिवणाचं दुकान होतं. एकच लांब टेबल, समोरासमोर दोन मशिनी. थोरलीला शिंक आली की ती पायडल सोडून गुडघे आवळायची. हसू आलं की ओठ. गिऱ्हाइकं तिला तुसडी म्हणत. बाई हसायलाच घाबरते, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

शेवटी तिने ऑपरेशन करून घेतलं. लघवी सुटू नये म्हणून आत एक पट्टी बसवली. नवऱ्याला गप्प राहायची तंबी दिली आणि धाकटीला सांगितलं, पोटात गाठ होती.

"थोडं रक्त जाईल. पॅड चिंब भिजायला लागलं तर लगेच या," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण पांढरं पॅड कचऱ्यात कुणाला दिसलं म्हणजे? इतकी वर्षं ओल लपवली ती दुकानातल्या काळ्या अस्तराच्या घड्यांनी. हात सवयीने तिकडेच गेला. काळ्यावर काही दिसत नाही. तिलाही दिसलं नाही.

दुपारी घरी धाकटी तिच्या अंथरुणाशी चहा घेऊन आली. "ताई, तोंड बघा. खुणेच्या खडूसारखं झालंय."

"झोप नाही गं झाली."

"मग घाम कसला?"

थोरली उठायला गेली आणि गरगरली. तिला सावरताना धाकटीचा हात गादीवर टेकला, तो लाल होऊनच वर आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पॅड किती भिजली?"

थोरली छताकडे बघत राहिली. धाकटी बाहेर निघाली.

"थांब," थोरली म्हणाली. मग अगदी हळू, "पॅड नव्हतं. काळं अस्तर होतं. किती गेलं, मला माहीत नाही."

आत कापसाच्या जाळीचा बोळा गच्च भरून रक्त थांबवलं, लघवीला नळी घातली, हाताला रक्ताची पिशवी लावली. सगळं थाऱ्यावर आल्यावर धाकटीने विचारलं, "गाठ नव्हती ना?"

"हसले की लघवी सुटायची."

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. "आणि मी लोकांना सांगत होते, आमच्या ताईंच्या तोंडाला बटणं लावलीत."

थोरलीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आतला बोळा काढला आणि नर्सने पांढरं पॅड दिलं. काही वेळाने ती किती भिजलं ते विचारायला आली. थोरलीला मान वर करवेना. तिने पॅड धाकटीपुढे धरलं. "तूच बघ."

"डाग आहे. बटणाएवढा."

"कोटाच्या की सदऱ्याच्या?"

"सदऱ्याच्या, ताई."