एकबोट्या

रायभाननं गिटारची तार पुन्हा छेडली आणि समोरच्या सिंथेसायझरनं पुन्हा शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज काढला.

"बंद कर रे बाबा ते," ओट्यावर ढोल ताणत बसलेला भुजंग म्हणाला. "शेजारच्या म्हशी पान्हा चोरतील."

गिटार आणि सिंथच्या मधल्या डबीला रायभाननं एक चापट मारली, वायर उपसली, पुन्हा खोचली. सकाळपासून हेच चाललं होतं. वास्तविक काम साधं होतं, निदान सांगायला तरी. गिटारची तार जो सूर धरील, त्याच्या मापाचा करंट ही डबी सिंथला पाठवणार आणि सिंथ तोच सूर आपल्या आवाजात काढणार. मग सिंथच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायची गरज नाही, पट्ट्या वाजवणाऱ्याची तर नाहीच नाही. जालन्याच्या अप्पाराव रेडिओवाल्यानं डबी करून देताना एवढंच बजावलं होतं, की एका वेळी एकच सूर दे, दोन आले की ती गोंधळते.

आता वर्षानुवर्षं वरातीत सहाच्या सहा तारा बडवलेल्या हाताला एक सूर देणं जमतंय होय! एका तारेला बोट लावलं की शेजारची आपोआप गुणगुणायची. डबी बावचळायची, सिंथ कधी किंकाळी फोडायचा, कधी आजारी बोकडासारखा चिरकायचा. रायभाननं तारांखाली रुमाल कोंबून पाहिला. तरी एक सूर सुटायच्या आत दुसऱ्यावर झडप घालायची बोटांची खोड काही जाईना.

"उद्या तीर्थपुरीला परण्या हाय," भुजंग म्हणाला. "नवरदेव मारुतीला निघाला की देवळापर्यंत सिंथची बीन पाहिजे, असं त्याच्या बापानं तोंडावर सांगितलंय. त्यासाठीच बोलावलंय आपल्याला. न्हाई तर बँड काय तिथं बी हायेत."

"माहीत हाय मला. सकाळपासून मंग काय करून राह्यलो मी?"

"लाईट पाचला जाती. तवर जमलं तर ठीक. न्हाई तर मी संपतला फोन लावतो, मंग तू काय बी म्हण."

"त्याचं नाव काढू नको."

संपत रायभानचा धाकटा भाऊ. सिंथ खरं म्हणजे त्याचाच. मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओनं मोडीत काढलेलं ते विलायती धूड त्यानं एसटीच्या टपावर टाकून मंठ्याला आणलं होतं. त्यात तयार आवाज एकही नव्हता, नुसती फिरवायची बटणं. ती पिळून पिळून संपतनं त्यातून बीन काढली, सनई काढली. वाजवायचा मात्र एका बोटानं. त्या यंत्रातून एका वेळी एकच सूर निघायचा, त्यामुळे त्याचं अडतही नव्हतं. जीभ दातांत धरायची, मान वाकडी करायची, आणि एक पट्टी पुरती सोडल्याशिवाय दुसरीला शिवायचं नाही. रायभान त्याला एकबोट्या म्हणायचा.

घरात म्हणायचा तोवर ठीक होतं. गेल्या उन्हाळ्यात परतूरच्या एका वरातीत मात्र त्यानं भर चौकात संपतची नक्कल केली. तीच जीभ, तीच मान, तेच बोट. लोक पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी संपत पिशवी उचलून औरंगाबादच्या एका ऑर्केस्ट्रात गेला तो गेलाच. सिंथ तेवढा मागं राहिला. 'एकबोट्यावाचून काय आपलं अडत न्हाई, वाजवूनच दाखवतो,' असं रायभान स्टँडसमोरच्या हॉटेलात चार लोकांत बोलून बसला होता. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली, आणि ते बोलणं आता त्याच्याच मानगुटीवर बसलं होतं.

त्याची माय, जयवंताबाई, आतून चहा घेऊन आली. कप ठेवून लगेच वळली. संपत गेल्यापासून ती या खोलीत टेकत नसे. त्याचं नावही घेत नसे. फक्त खंडेनवमीला तिनं सगळ्यात आधी सिंथला हळदकुंकू वाहिलं आणि उगाच बराच वेळ त्याच्यापुढं उभी राहिली. रायभानला तेव्हा फार राग आला होता. कुणाचा, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

चहा निवून गेला. रायभाननं बीनचा तुकडा पुन्हा धरला, आणि तिसऱ्याच सुराला सिंथ कोकलला.

"डोकं फिरलंय माझं, भुजंग! आख्ख्या तालुक्यात माझ्यासारखी गिटार कोणी वाजवत न्हाई, आणि हे डबडं मला जुमानत न्हाई. पाहिजे तरी कोण याला? एकबोट्या पाहिजे? घे मंग! घे एकबोट्या!"

त्यानं जीभ दातांत धरली. मान वाकडी केली. डाव्या हाताचं एकच बोट ताठ केलं आणि परतूरला केलं होतं तसंच सोंग घेऊन एक सूर दाबला. तो पुरता सोडला. मग दुसरा दाबला. संपतचं सोंग म्हटल्यावर संपतचीच चाल बोटात आली. माय जात्यावर म्हणायची त्या ओवीची चाल. कुठल्याही कार्यक्रमाआधी यंत्र तपासायला संपत हीच वाजवायचा.

सिंथ गायला लागला.

कुठं अडखळला नाही, कुठं चिरकला नाही. भुजंगचे हात ढोलाच्या दोरीवर तसेच थांबले. रायभानची जीभ दातांतच राहिली. आता त्यात थट्टा उरली नव्हती, पण मान सरळ करायचीही त्याला भीती वाटत होती.

आत भांडं पडलं. जयवंताबाई लगबगीनं बाहेर आली, एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. तिनं दारातल्या चपलांकडे पाहिलं. एक जोड रायभानचा, एक भुजंगचा. ओट्यावर जाऊन रस्त्याकडे पाहून आली.

"कव्हा आला?" तिनं विचारलं.

तिची नजर सिंथवर गेली. पट्ट्यांपुढचं स्टूल रिकामं होतं. रायभाननं तारांवर तळवा ठेवला. आवाज तुटला.

"तू व्हता व्हय," ती म्हणाली. तांब्याचं काय करावं ते तिला सुचेना. शेवटी तिनं तो रायभानच्या पायाशी ठेवला. "बराबर वाजवलं. बिलकुल त्याच्यावाणी." आणि ती आत गेली.

भुजंगनं मांडीवर थाप मारली. "जमलं की रे पठ्ठ्या! आता कशाला पाहिजे फोनबिन! लाईट हाय तवर बीनचा तुकडा बसवून घे."

रायभाननं स्वयंपाकघराकडे पाहिलं. पडलेलं भांडं उचलल्याचा आवाज अजून आला नव्हता. त्यानं गिटार गळ्यातून काढली. डबीच्या दोन्ही वायरी उपसल्या, गुंडाळल्या आणि डबी गिटारच्या पेटीत टाकून झाकण लावलं.

"भुजंग, स्टँडवर जा. जल्दी जा. संपतला फोन लाव."

"आँ? आता काय सांगू त्याला?"

"सांग, लई खटपट केली, पण ते माझ्याच्यानं वाजत न्हाई. जी पहिली गाडी भेटल तिनं ये म्हणावं."

"अरे, पण आत्ताच तर..."

"सांगितलं ना!"

भुजंग ढोल बाजूला ठेवून उठला. मग चपला अडकवून ओटा उतरला. तो कोपऱ्यापर्यंत गेला असेल, तेवढ्यात रायभान दारात आला.

"भुजंग! माझं नाव घेऊन सांग."