अडुळशावाचून काढा

पाणी खळखळ उकळायला लागलं तसं तिनं पातेल्यात ठेचलेलं आलं टाकलं, गुळाचा खडा टाकला आणि वर दोन चमचे भरून चहाची पूड. अडुळशाची पानं ओट्यावर तशीच पडून राहिली. ती नवऱ्याला दिसावीत म्हणूनच खुडलेली होती. पाणी काळंकुट्ट झाल्यावर तिनं चमचाभर फुंकून चाखलं. तुरट होतं, कडवटही होतं. फसायला पुरेसं होतं.

गल्लीत तिला सगळे पालाकाकू म्हणत. पोट दुखलं की ओव्याचं पान, सर्दी झाली की गवती चहा, भाजलं की कोरफड. गॅलरीतल्या फुटक्या बादल्या आणि तेलाचे डबे हाच तिचा दवाखाना. त्याचा नियम मात्र कडक होता. खोकला दोन-तीन आठवडे हटला नाही, तर पाल्याचं काम संपलं, डॉक्टर गाठायचा. अर्ध्या गल्लीला तिनं असं दटावून पाठवलं होतं. आणि घरातला सुतार, तिचाच नवरा, उन्हाळ्यापासून खोकत होता. परवा उशीच्या अभ्र्यावर तांबूस डाग दिसला, तर म्हणे पॉलिशचा आहे. जन्मभर त्याचे शर्ट धुतलेल्या बाईला हे सांगत होता. पॉलिश घासून घासून हात दुखले तरी निघत नाही. हा डाग पहिल्याच पाण्यात गेला होता.

डॉक्टरचं नाव काढलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "घरात वैद्य असताना बाहेर कशाला?" वर हसायचा. तिचं कौतुक करून तिचंच तोंड बंद करायचा. रडली, भांडली, दोन दिवस अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिनं काढ्यातून अडुळसाच वगळला. गुण येणार नाही, वैतागेल, मग आपणहून उठेल, असा तिचा हिशेब. पण करायला गेली गणपती आणि झाला मारुती. आठवडा व्हायच्या आत तो छातीवर हात फिरवत म्हणाला, "आता कसं मोकळं वाटतंय." चहाच्या पाण्यानं मोकळं वाटत होतं याला. स्वतःच्या कपाळावर हात मारावा की त्याच्या, हेच तिला कळेना.

आजही कप त्याच्या हातात दिला तेवढ्यात शेजारची शिवणवाली दारात आली.

"काकू, सासूबाईंचा घसा धरलाय. काही द्या ना."

"कोमट पाण्यात मीठ-हळद घालून गुळण्या करायला सांग. आणि हा ज्येष्ठमधाचा तुकडा चघळू दे. बीपीची गोळी चालू आहे का त्यांना?"

"आहे की."

"मग ज्येष्ठमध नको, आण इकडे. नुसत्या गुळण्या. चार-पाच दिवसांत उतरलं नाही तर दाखवून आण."

"दाखवायची वेळच येणार नाही," सुतार खुर्चीतून म्हणाला. "हिच्या हाताला गुण आहे. माझाच खोकला बघ, निम्म्यावर आला."

एवढं बोलताना त्याला ढास लागली. कप हिंदकळला, मांडीवर सांडला. शिवणवाली कुणाकडेच न बघता निघून गेली.

पालाकाकूनं दार लावलं. ज्येष्ठमधाचा तुकडा अजून तिच्या मुठीत होता.

"त्यात अडुळसा नाही," ती म्हणाली.

तो फडक्यानं मांडी पुसत राहिला.

"ऐकलंत का? चहाची पूड उकळून देतेय मी तुम्हाला. सोमवारपासून. आणि तुम्ही गावभर गुण सांगत सुटलाय. माझ्या काढ्याला गुण नाही. मला काही येत नाही, हवं तर गल्लीत ओरडून सांगते."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अडुळसा नाही ते. पहिल्याच घोटाला कळलं. इतकी वर्षं तुझ्या हातचं कडू पितोय मी."

ती ओट्याला टेकली. एवढा राग साठवला होता, तो आता ठेवायचा कुठे?

"मग बरं वाटतंय असं का म्हणालात?"

त्यानं फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. लाकडाला हात लावताच कुठं चीर आहे ते सांगणारा माणूस. त्याला त्या फडक्याचे कोपरे जुळवता येईनात.

"तू अडुळसा काढलास म्हणजे तुझाही पाल्यावरचा विश्वास उडाला, हे कळलं मला. मग म्हटलं, निदान मी तरी बरं वाटतंय म्हणावं." तो थांबला. "बाबा चालत गेले होते दवाखान्यात. स्वतःच्या पायानं. आईला बाहेर बाकावर बसवलं होतं. पुन्हा बोलणं झालंच नाही त्यांचं."

तिनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं. मग आत जाऊन तिनं इस्त्रीचा शर्ट आणला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

तो उठला, एक बाही चढवली आणि दुसरी तशीच लोंबत ठेवून तिच्याकडे वळला.

"बाकावर बसायचं नाही तू. आत यायचं. माझ्याबरोबर."