शिकवलेले मौन

चाळीस वर्षे मी मुलांना व्याकरण शिकवले. वाणीचा संयम हा विद्येचा पहिला अलंकार, अशी माझी श्रद्धा. तीच मी घरच्या कुत्र्यावरही लादली.

भुऱ्या आठ वर्षांचा, स्वभावाने गाय. मात्र त्या हिवाळ्यात ताटलीजवळ कुणी गेले, गालाला हात लावला, की तो गुरगुरू लागला. मला तो उद्धटपणा वाटला.

सूनबाईंनी मात्र निराळेच पाहिले होते. "बाबा, हा एकाच बाजूनं चावून खातोय. तोंडालाही वास येतोय. डॉक्टरांना दाखवू या का?"

"लाडावलाय तो," मी म्हणालो. "शिस्त लागली की वास जाईल."

"शिस्तीनं वास जातो होय?" सूनबाई हसल्या. "मग यांच्या मोज्यांना शिकवा की काही."

मी हसण्यावारी नेले आणि उपक्रम आरंभला. गुरगुरला की ताटली उचलायची. गप्प बसला की परत ठेवायची. अकराव्या दिवशी गुरगुर थांबली. मी गालाला हात लावी, तेव्हा त्याचा ओठ किंचित थरथरे, मान वळे, डोळ्यांतला पांढरा भाग दिसे. पण आवाज नाही. मुलगा त्याला 'मौनीबाबा' म्हणू लागला. त्या कौतुकाने मी सुखावलो, हे लपवीत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या पाच वर्षांच्या नातीने त्याच्या गळ्यात हात घातले आणि आपला गाल त्याच्या गालावर दाबला. मी समोरच वाचत बसलो होतो. काही ऐकू आले असते तर मी मान वर केली असती. मान वर केली ती तिच्या किंकाळीने. तिच्या ओठाच्या वर तीन टाके पडले.

"आता हा घरात नको," मुलगा एवढेच बोलला.

मी भुऱ्याला पशुवैद्य बाईंकडे नेले. त्याला गुंगी देऊन त्यांनी ओठ उचलून दाखवला. मागची दाढ चिरलेली, मुळाशी पू.

"दोन महिने तरी सोसलंय यानं. गुरगुरत नव्हता?"

"गुरगुरत असे. मी ती सवय मोडली."

त्यांनी ओठ अलगद खाली सोडला. "आजोबा, ती सवय नव्हती. 'दुखतंय, लांब राहा' हे सांगायला त्याच्याकडे तेवढंच होतं. ते तुम्ही बंद केलंत. मग चावण्यावाचून त्याच्याकडे काय उरलं?"

दाढ निघाली. आठवड्यात तो दोन्ही बाजूंनी चावून खाऊ लागला. मी मुलाला सारे सांगितले, दोष माझा आहे हेही.

"दाढ काढलीत, बाबा. पोरीच्या मनातली भीती कशी काढणार? तो खोलीत आला की ती खुर्चीवर चढते."

मी भुऱ्याला दोरी बांधली.

गावाबाहेरच्या प्राणी-आश्रयगृहात कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. त्यात एक प्रश्न होता: चावण्यापूर्वी गुरगुरून इशारा देतो का? मी लिहू लागलो, 'पूर्वी देत असे, परंतु...'

"अहो गुरुजी, निबंध नको. हो की नाही, तेवढंच लिहा."

मी 'नाही' लिहिले.

कारकुनाने ते वाचले. "मग याला घरी न्यायला कुणी यायचं नाही. न सांगता चावणारा कुत्रा कोण घेतो? राहील इथंच."

रखवालदाराने दोरी हाती घेतली आणि हिसका दिला. दोरी नुकत्याच भरत आलेल्या जबड्यावर करकचली. भुऱ्याचा ओठ थरथरला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. बोल रे, मी मनात म्हणालो, एकदा तरी बोल. त्याने ओठ मिटला आणि माझी परवानगी नसलेला तो आवाज गिळून टाकला.

"गुणी आहे हो," रखवालदार म्हणाला. "तोंडातून ब्र काढत नाही. चांगलं शिकवलंय कुणीतरी."