न उडणारे बगळे

"मॅडम, विमान चालवताना तुम्ही कधी रडल्या का?"

विचारलं मी, पण प्रश्न शेजारी बसलेल्या हेतलचा होता. "तू इचारी दखाड, मी तुले कचोरी खावाडसू," म्हणत ती सकाळपासून मला टोचत होती. गेल्या वर्षीची जिनल असती तर मान खाली घालून बसली असती. पण दहावीत आल्यापासून माझा हात आपोआपच वर जातो, मी तरी काय करू?

हेडसरांनी डोळे वटारले. आज शाळेत दोन पायलट आले होते, पर्यावरण शिकवायला. त्यातल्या सरांनी आकाशातून काढलेले फोटो दाखवले होते, कुठे जंगलाला टक्कल पडलंय, कुठे नदी आटलीय. आता पाळी कॅप्टन अल्पना मॅडमची. नंदुरबारच्या उमेदमल शेठजींची ही मुलगी. आम्हाला वाटलं, आता इंग्रजी सुरू होणार. मॅडमनी टोपी काढली आणि म्हणाल्या, "रडनू ना वं! हमसून हमसून रडनू!"

हॉलमध्ये एकच शिट्ट्या.

मग त्या शाळेच्या मराठीत आल्या. "विमान चालवायला इकडेच शिकत होते मी. एक दिवस माझे सर विमानातून उतरले आणि म्हणाले, आता एकटी जा. वर गेले आणि डोळ्यांना धारा. काही दिसेना. तेवढ्यात पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याची चिमणी दिसली. पुढे तापी. आणि तापीच्या वळणावर, दोन चिंचांच्या खाली, बगळे! शेकडो, पांढरेशुभ्र. म्हटलं, एवढी पाखरं निवांत बसलीत, मग मीच कशाला घाबरू? त्यांच्यावरून वळले आणि नीट उतरले. पुढेही रोज तिथूनच वळायचे. ऊन असो, पाऊस असो, बिचारे कधी हललेच नाहीत. असा नदीकाठ जपा, मुलांनो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हात मांडीवरच राहिले.

तापीचं वळण. दोन चिंचा. ते तर आमचं शेत! केळीच्या घडांवर चढवतात ना, त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, माल कापला की पप्पा तिथेच काठावर फेकायला लावतात. माझ्या जन्माआधीपासून.

मी उठणार, हे हेतलला कळलं. तिने माझी ओढणी खेचली. "बशी ऱ्हाय! तुन्हा पप्पा पुढेच बठेल शेतस."

होतेच. शाळा समितीचे अध्यक्ष, सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन. पण मॅडम तर ते बगळे पुढच्याही शाळेत सांगणार होत्या. मी उभी राहिले.

"मॅडम, ते बगळे नव्हते. पिशव्या होत्या. केळीच्या." आणि मग आवाज फाटला तरी म्हणालेच, "आमच्या."

पप्पा नारळाकडे बघत राहिले. मॅडमचा चेहरा क्षणभर लहान मुलीसारखा झाला. मग त्या खो खो हसायला लागल्या. "अरे देवा! म्हणजे मी पिशव्यांच्या भरवशावर उतरले!"

सगळा हॉल हसला, पप्पा सोडून. मॅडमनी डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "एकही खरा नव्हता?"

"दोन-तीन येतात, मॅडम. पण त्यांना पाय टेकायला जागा नाही."

मग त्या हसल्या नाहीत.

घरी पप्पांनी पहिला घास घेतला. मग फुटले, "सर्वास्ना पुढे मन्ही इज्जत काढी तू!"

"खोटं बोलनी का ती?" तव्यावरची भाकरी उलटत मम्मी म्हणाली.

"खोटं कोन म्हनस? पन घरमा सांगती ना!"

"पिशव्यास्नं सांगेल व्हतं, पप्पा. दोनदा. तुमी मोबाईलमा व्हतात."

मम्मीला हसू आवरेना, भाकरी करपली. पप्पांच्या मिशीखालीही काहीतरी हललं. मी संधी साधली.

"आते दोन्हीजन आयका. रविवारले वर्गमधल्या आमी सर्व्या पोरी नदीवर जाई ऱ्हायनूत. पिशव्या गोया करसुत. पप्पा, तुमनं ट्रॅक्टर लागी."

"आनि गोया करीसन टाकशी कोठे?"

तेही मी ठरवलं होतं.

"आपला अंगनमा. भंगारवाला येस तोपर्यंत संभाळा तुमना बगळा!"