पाटीकडे बोट

लातूरच्या गंजगोलाईत माझं भांड्यांचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वरच घर. पाटीवर माझंच नाव, 'चन्नबसप्पा भांडी भांडार'. कुणी माझ्या बायकोला, गंगम्माला, नवऱ्याचं नाव विचारलं की ती त्या पाटीकडे बोट दाखवायची. जनगणनेला आलेल्या मास्तरांनाही तिनं तसंच दाखवलं. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी दारात अडवलं तेव्हा ही रडकुंडीला आली, शेवटी माझ्या आईनंच सोडवलं. बेचाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नाही. मला ती 'अहो' म्हणायची, आणि त्या एका 'अहो'चे तिच्याकडे वीस प्रकार होते.

दुपारी टीव्हीवर जंगलातली जनावरं बघायचा तिला भारी नाद. एकदा म्हणाली, "अहो, हत्तिनीत म्हातारी पुढं चालती म्हनं, अन् समद्या तिच्या मागं. आपुन जाऊ का बगायला?"

मी हसलो. "आफ्रिकेला? आधी लग्नसराई निघू दे. फुडच्या वर्षी जाऊ."

असं मी अकरा वर्षं म्हणत आलो. लग्नसराई काय, दरवर्षी येतेच. शहाणपण तेवढं मला आलं नाही.

मग ती विसरायला लागली. आधी गॅस, मग घरचा जिना, मग नातवंडं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. मी तिकिटं काढली तशी मुलगी शिवानी भडकली. "पप्पा, आता नेताय? आता तिला काय कळनार हाय?"

मीही तापट. म्हणालो, "मला अजून 'अहो' म्हनती ती. तेवढं हाय तोवर नेतो."

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तो एक शब्द गेला, की मी तिचा कोण?

केनियात पहिल्या दिवशी पहाटे तंबूत उठून तिनं अंघोळ केली, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, पूजा केली. काही म्हणता काही चुकलं नाही. पूजेआधी ती पाण्याचा घोटही घेत नाही. आमचा ड्रायव्हर किमानी बिचारा गाडी चालू करून ताटकळला. मला वाटलं, हातांना एवढं आठवतंय, तर मीही आठवेन.

जिराफ अगदी गाडीजवळ आला तशी ती खुदकन हसली. "अहो, ह्याला शेवग्याच्या शेंगा काढायला शिडी नको!" किमानीला मिठी मारायचीच काय ती मी बाकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी एक सिंहीण आमच्या गाडीच्या सावलीत येऊन बसली. हात लांबवला असता तर पाठीला लागला असता. माझी बोबडी वळली. गंगम्मानं माझा हात घट्ट धरला, पण बोलली नाही. दिवसभर एकदाही 'अहो' नाही. मी मुद्दाम खोकलो, चष्मा पाडला, शेवटी ओरडलो, "बोल की!" ती अंग चोरून बसली. त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी हत्ती आले. अकरा हत्तिणी, पिल्लं, आणि सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी, एक सुळा मोडलेली. ती गाडीपासून चार हातांवर थांबली आणि सोंड उचलून आमचा वास घेऊ लागली. गंगम्मा उभी राहिली. "म्हातारी पुढं," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "अन् समद्या तिच्या मागं!"

तिला आठवलं! माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली, आणि परक्या माणसासमोर घेतात तसा तिनं डोक्यावर पदर घेतला.

"भाऊ, एक फोटू काढता का? मालकाला दावायचाय."

मी मोबाइल काढला. "काय नाव मालकाचं?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

ती लाजली. सवयीनं बोट वर गेलं आणि पाटी शोधू लागलं. डावीकडे गवत, उजवीकडे गवत, समोर हत्ती. बोट हळूहळू खाली आलं. मग तोंडाला पदर लावून, किमानीलासुद्धा ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती म्हणाली, "चन्नबसप्पा."

किती गोड म्हणाली! माझं नाव एवढं चांगलं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तिथंच ढसाढसा रडावंसं वाटलं, पण मी परका होतो. परक्यानं कशाला रडायचं?

"ते आले न्हाईत?"

"यायचं व्हतं त्यान्ला. लई मन व्हतं," ती घाईनं माझी बाजू घेत म्हणाली. "पर लग्नसराई हाय ना, भाऊ. फुडच्या वर्षी येतो म्हनलेत."

मी फोटो काढला.