पोत्याच्या पोटात शिरणारी नळी

मी धान्याच्या दुकानातली नळी बोलतेय. वीतभर लांब, आतून पोकळ, पुढे टोक. लोहाराने लाल करून बडव बडव बडवलं, तेव्हापासून माझा धंदा एकच: पोत्याच्या पोटात घुसायचं आणि आतले दाणे शेटच्या तळहातावर ओतायचे. वरच्या थरात सगळेच चांगला माल भरतात हो, मी तळाचं बोलते.

संकरित मक्याचं बियाणं आलं आणि आमच्या एका गिऱ्हाइकाचं नशीब पालटलं. दुप्पट पोती, पत्र्याच्या जागी स्लॅब. त्याचा दूरच्या गावचा मेहुणा म्हणाला, "दाजी, मलाही द्या की हे बी."

दाजींनी छताला टांगलेली सगळ्यांत भरदार कणसं उतरवून दिली. "विकत कशाला घेतोस? घरचंच आहे."

तिथेच घात झाला. जुन्या वाणाचं बी घरी धरता यायचं. संकरित मात्र दर पेऱ्याला नवंच घ्यावं लागतं. मेहुण्याच्या रानात एक रोप डोक्याएवढं, तर दुसरं गुडघ्याएवढं. कणसं अर्धी बोडकी. त्याच्या घरात खायला दाणा उरला नाही.

पुढे दाजींची पोती दुकानात उतरली. शेटने मला खुपसलं, दाणे तळहातावर घेतले आणि कपाळाला आठी घातली. तेवढ्यात मेहुणा आत शिरला.

"चांगलं बी स्वतःला ठेवलंत, कचरा मला दिलात. माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढलात, दाजी."

"अरे, ऐक तरी..."

ठोसा बसला. दाजींचा दात फरशीवर उडाला. दुसऱ्या ठोशाला ते पोत्यांवर कोसळले. मेहुण्याने शेटच्या हातातून मला हिसकलं आणि मी दाजींच्या मांडीत मुठीपर्यंत घुसले. माझी सवय वाईट. आतलं होतं ते बाहेर ओतलं. गरम, लालभडक.

शेटने मूठ उघडली. "बघ, हा त्याच्या पोत्यातला माल." चिमलेले दाणे आणि फोलपटं. "पोती उतरवताना सांगत होता, त्यानेही घरचंच बी पेरलं. तुला देऊन उरलेली बारकी कणसं."

मेहुण्याने अंगातला सदरा फाडला आणि जखमेवर दोन्ही हात रोवले.

"दाब, मेल्या," दाजी कण्हले. "आणखी जोरात दाब."

दाजी वाचले, पण पाय ओढतात. दोन्ही रानं आता मेहुणाच पेरतो. बियाण्याची पिशवी दरवर्षी नवी नेतो आणि माझ्याकडे बघत नाही. वाकलेल्या टोकाने मी खिळ्याला लटकलेय.

कुणाचा संशय आलाच, तर मला खुशाल मागून न्या. फक्त आधी त्याच्या पोत्यात खुपसा.