शेंग खाणारा हात

"लेल्ला मुंजिया, आपल्या पुस्तकांतलं एकही पोर उजव्या हाताचं नाही, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

प्रकाशनाचा मालक लमीन मुंजियाला मानानं लेल्ला, म्हणजे बाई, म्हणे आणि ती त्याला सी, म्हणजे साहेब. त्यानं बागकामाची सहा चित्रपुस्तकं तिच्या टेबलावर पसरली. प्रत्येक मुखपृष्ठावर कुणी ना कुणी पोर डाव्या हातानं पेरत तरी होतं, नाहीतर झारीनं पाणी तरी घालत होतं.

"चित्रं उलटवली की तसं होतं," मुंजिया म्हणाली. "तुमचे वडील होते तेव्हापासून होतंय."

ते खरंच होतं. ट्युनिसमधल्या त्या लहानशा प्रकाशनात मुलांची पुस्तकं बहुतेक फ्रेंचमधून यायची. फ्रेंच पुस्तक डावीकडून सुरू होतं, अरबी उजवीकडून. चित्रातलं पोर पान उलटायच्या दिशेनं चालायला हवं, म्हणून सगळी चित्रं आरशात दिसतात तशी फिरवायची आणि मग जे चुकीचं दिसेल ते दुरुस्त करायचं, हे मुंजियाचं काम. उलटं घड्याळ ती सुलट करायची, बियांच्या पाकिटावर अरबी अक्षरं काढायची, सदऱ्याची बटणंसुद्धा बाजू बदलून लावायची. हिच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, असं थोरले मालक कौतुकानं सांगत. हात तेवढे तिनं तीस वर्षांत एकदाही बदलले नव्हते, आणि ते नजरचुकीनं नव्हतं.

"एका बालवाडीच्या बाईंचं पत्र आलंय." लमीन खुर्ची ओढून बसला. "पोरं पुस्तकात बघून डाव्या हातानं जेवायला लागलीत म्हणे. आया भांडायला येतात. हे वाटाण्याचं पुस्तक आज दुपारी छापायला जायचंय. शेवटच्या पानावर ती मुलगी शेंग खाते ना, तेवढा हात उजवा करून द्या."

"आणि पेरताना?"

"पेरू दे की डाव्यानं. तिथं कोण बघतंय? खाताना मात्र उजवा. आपल्याकडे कुठलं पोर डाव्यानं खातं, तुम्हीच सांगा."

"माझी बहीण खायची."

तिच्या तोंडून ते निघून गेलं. इतक्या वर्षांत कचेरीत तिनं बहिणीचा विषय काढला नव्हता.

"मग? सुटली का सवय?" लमीननं सहज विचारलं.

"तेवढा वेळ मिळाला नाही तिला," मुंजिया म्हणाली. "दुपारी देते तुमचं काम."

दलेंदा तेव्हा सहा वर्षांची होती आणि मुंजिया अकराची. जेवताना धाकटीचा डावा हात डोक्याच्या रुमालानं पाठीमागे बांधायचा, हा आईचा हुकूम. बांधायचं काम थोरलीचं. जेवण झालं की सोडायचा. आजोबांच्या बागेतल्या त्या दुपारी दलेंदा म्हणाली, "तुला साधी गाठ मारता येत नाही, बघ, कशी ढिली आहे." मुंजियाला राग आला. तिनं गाठ आवळली आणि म्हणाली, "आता बस अशीच." मग ती लिंबाच्या सावलीत जाऊन झोपली. दलेंदाचा स्वतःचा वाटाण्याचा वीतभर वाफा होता. त्याला पाणी घालायला ती एका हातात डबा घेऊन हौदावर गेली. हौदाचा काठ शेवाळलेला होता.

लोक जमायच्या आत आईनं रुमाल सोडून स्वतःच्या झग्यात कोंबला. पोरीचा पाय घसरला, एवढंच सगळ्यांना कळलं. आई म्हातारी होऊन गेली, पण त्या गाठीबद्दल मायलेकींत एक शब्द झाला नाही.

मुंजियानं कचेरीत पहिलं पुस्तक उलटवलं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. डाव्या हातात खुरपं घेतलेली मुलगी पानातून वर बघत होती. मुंजियाला ती दलेंदाच वाटली. तेव्हापासून दलेंदा दर पुस्तकात यायची. कधी टोमॅटो लावायची, कधी सूर्यफूल, कधी पुदिना. मुंजियाला तिची भीती वाटायची, आणि नवं पुस्तक यायला उशीर झाला की जिवाला चैनही पडायची नाही. तिथं तो हात मोकळा होता. तो मोकळा ठेवणं तेवढंच तिच्या हातात उरलं होतं.

आता ती शेवटचं पान पडद्यावर घेऊन बसली. डाव्या हातातली शेंग पुसली, उजवा हात तोंडापर्यंत नेला, त्यात शेंग दिली. चांगला जमला. मग डावा हात नव्यानं काढायला घेतला. खांदा काढला, कोपर काढलं आणि उरलेला हात पाठीमागे नेला. मागे नेला की बोटं काढावी लागत नाहीत, काम सोपं होतं. कसं दिसतंय ते बघायला ती मागे टेकली. हात पाठीमागे बांधल्यासारखा दिसत होता.

तिनं तो हात पुसला. पुन्हा काढला, या वेळी पुढे, वाफ्यातल्या मातीवर टेकवलेला. पाचही बोटं फाकलेली, नखांत माती. त्याला दीड तास लागला. कॉफी निवून गेली.

"झालं?" लमीन मागे येऊन उभा राहिला. "अहो, कशाला एवढी बोटं कोरत बसलात? हात मागे लपवला असता की भागलं असतं."

"मी मागेच बांधायचे तिचा हात." मुंजियानं मान वळवली नाही. "बहिणीचा. मी बांधला तसाच राहिला, सी लमीन, आणि ती हौदात पडली. तिला हात मारता आले नाहीत."

लमीननं पडद्यावरच्या हाताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "अल्ला तिच्यावर दया करो. काय नाव होतं?"

"दलेंदा."

त्यानं ते नाव एकदा स्वतःशी उच्चारलं. "राहू दे हा हात असाच," म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला.

पुस्तक छापायला गेलं. मुंजियानं संगणक बंद करायच्या आधी शेवटचं पान पुन्हा उघडलं. चित्र छान उतरलं होतं. वळणाची, उजव्या हातानं नीट शेंग खाणारी एक मुलगी. मागच्या पानांवर हीच मुलगी डाव्या हातानं पेरत होती. मुंजियानं ती पानंही एकेक करून पाहिली. मुलीची नजर कुठं बियांवर होती, कुठं झारीवर. पूर्वीसारखी दलेंदा वर बघेल म्हणून मुंजिया थांबून राहिली, पण मुलीनं काही वर पाहिलं नाही.